सहा डिसेंबरची पुस्तकं

कुणी बैठकीहून घरी आल्या असाल, कुणी मिरच्यांचे देठ खुडत बसल्या असाल, कुणाची चूल पेटायची असेल. हातातलं काम चालू द्या, कान तेवढे इकडे ठेवा. आज आम्ही पुस्तकांविषयी बोलणार आहोत. पुस्तक म्हटलं की आपल्यातल्या निम्म्याजणी म्हणतात, ते शिकलेल्यांचं काम. आम्हीही तसंच म्हणत होतो. त्यामुळे लगेच रेडिओ बंद करू नका.

आपल्या धर्माबादहून गाडी पुढे निघाली की तेलंगणातलं बासर येतं. लेकराला शाळेत घालायच्या आधी आपण त्याला तिथं नेतो, सरस्वतीपुढे बसवून पहिलं अक्षर गिरवून घेतो. मराठी घरातले जातात, तेलुगू घरातले जातात. अक्षराला एवढा मान देणारी आपण माणसं. पण लेकरू दहावी-बारावी झालं की शाळेची पुस्तकं रद्दीत जातात आणि घर पुन्हा पुस्तकावाचून राहतं. आम्ही आमच्या गटात एकदा विचारून पाहिलं. आम्ही अकराजणी. चार घरांत पोथी निघाली, दोन घरांत बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवलेला ग्रंथ निघाला, बाकी घरांत भिंतीवरचं कॅलेंडर. ग्रंथ असलेल्या दोघींपैकी एक म्हणाली, "रोज फुलं वाहतो, उघडला मात्र नाई." तिनं हे हसत सांगितलं, पण नंतर बराच वेळ कुणी बोललं नाही.

हा विषय निघाला तो एका कर्जाच्या कागदावरून. आमच्यातल्या एकीनं गटाच्या बाहेरून कर्ज उचललं होतं. कंपनीचं नाव घेत नाही. हातात रक्कम आली ती ठरल्यापेक्षा कमी. विचारायला गेली तर उत्तर मिळालं, विम्याचे कापले, कागदावर लिहिलंय, खाली तुमची सही आहे. सही तिचीच होती. बाई चौथी शिकलेली, अक्षर ओळखते. पण तीन पानं मजकूर सलग वाचायची सवयच नाही, म्हणून वाचला नाही. सही शिकणं आणि वाचणं यात केवढं अंतर आहे ते त्या दिवशी आम्हाला कळलं. उमेदच्या दशसूत्रीत शिक्षण आहे, आपण ती तोंडपाठ म्हणतो. आमच्या बैठकीत शिक्षणाचा अर्थ पोरांची फी एवढाच होता.

तेव्हा आम्ही म्हटलं, गटाच्या निधीतून पाचशे रुपयांची पुस्तकं आणू. आणि भांडण लागलं. कोषाध्यक्ष बाई म्हणाल्या, हे पैसे कर्जवाटपाचे आहेत, पुस्तकावर व्याज येतं का? त्यांचं चुकीचं नव्हतं. शेवटी असं ठरलं की निधीला हात लावायचा नाही, प्रत्येकीनं पन्नास रुपये वेगळे काढायचे. साडेपाचशे जमले. इतिवृत्तात तसा ठराव लिहिला.

आता पुस्तकं आणायची कुठून? आपल्याकडच्या दुकानात वह्या, गाईड आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तकं मिळतात. आमच्या बौद्धवाड्यातल्या पाचजणींनी सांगितलं, आम्ही सहा डिसेंबरला दादरला जातो, तिथं पुस्तकंच पुस्तकं असतात. गटातल्या बाकीच्या सहाजणींपैकी तिघी म्हणाल्या, आम्ही पण येतो. हे बोलणं सोपं होतं, निघणं सोपं नव्हतं. "ते त्यांचं आहे, तू कामून चाललीस?" असं एकीला सासूनं विचारलं, दुसरीला नवऱ्यानं. खरं सांगायचं तर आमच्या मनातही ते होतंच. एका गटात बसतो, एकमेकींच्या कर्जाला जामीन राहतो, पण एकमेकींच्या मोठ्या दिवसाला जात नाही. आम्ही गेलो ते पुस्तकांचं निमित्त करून. पुस्तकं नसती तर गेलो असतो का, ठाऊक नाही.

रात्रभराचा गाडीचा प्रवास. डब्यात पाय ठेवायला जागा नाही. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी असं बांधून घेतलेलं. नांदेडला आणखी माणसं चढली, परभणीला आणखी. सकाळी दादरला उतरलो आणि माणसांच्या लोंढ्यातून चालत शिवाजी पार्कच्या मैदानावर आलो.

बाबासाहेबांचं निधन १९५६ च्या ६ डिसेंबरला दिल्लीत झालं. दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. ती जागा म्हणजे चैत्यभूमी. दरवर्षी त्या दिवशी महाराष्ट्रातून आणि बाहेरूनही लाखो लोक तिथं येतात. आम्हाला वाटलं होतं, दर्शनाची रांग, भाषणं, हार-फुलं असतील. ते होतंच. पण मैदानावर शिरलो तर जिकडे तिकडे पुस्तकं. मांडवातल्या स्टॉलवर पुस्तकं, खाली ताडपत्री अंथरून पुस्तकं, कुणी पोत्यावर मांडलेली, कुणी झाडाखाली खोक्यातून काढून विकतोय. नागपूरचे प्रकाशक, पुण्याचे, संभाजीनगरचे. कुणाची शंभर पुस्तकं, कुणाची मोजून चार. मूर्ती, बिल्ले, निळे झेंडे, भीमगीतं हेही होतं, पण पुस्तकांपाशी गर्दी जास्त. सरकारनं छापलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या खंडांपुढे तर रांग लागते. १९७९ साली वसंत मून यांनी संपादित केलेला पहिला खंड निघाला, पुढे एकामागून एक निघत गेले. हल्ली काही तरुण मुलं तर सांगतात, फुलं-मेणबत्त्या आणू नका, एक वही एक पेन आणा, ते गरजू मुलांना देऊ.

आम्ही जत्रा पुष्कळ पाहिल्या. माळेगावची पाहिली. पण रात्रभर उभ्यानं प्रवास करून आलेला, पायात फाटकी चप्पल असलेला माणूस शर्टाच्या आतल्या खिशातून चुरगळलेली नोट काढून आधी पुस्तक घेतो आणि मग वडापाव खातो, हे पहिल्यांदा पाहिलं. ऑक्टोबरमध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवरही असंच असतं, असं आमच्या पाचजणी सांगतात.

हे असं का, ते तिथल्याच एका विक्रेत्यानं आम्हाला समजावलं. गोष्ट १९३६ ची. लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बाबासाहेबांना परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलावलं होतं. त्यांनी भाषण लिहून पाठवलं. मंडळाला त्यातला काही भाग पचला नाही. बाबासाहेब म्हणाले, एक अक्षर बदलणार नाही. परिषदच रद्द झाली. मग त्यांनी ते भाषण स्वतःच्या खर्चानं छापलं, दीड हजार प्रती. दोन महिन्यांत सगळ्या संपल्या. 'जातिनिर्मूलन' म्हणून आपण ज्याला ओळखतो तेच ते भाषण. ज्याला बोलायला व्यासपीठ मिळत नाही त्यानं स्वतः छापायचं, स्वतः विकायचं, ही रीत तिथूनच कळते. त्याच्या आधी १९२० मध्ये त्यांनी 'मूकनायक' काढलं होतं, तेही त्याच कारणासाठी. मैदानावर ताडपत्री टाकून बसलेली माणसं त्याच रीतीची.

आता थोडं हिशोबाचं. यात आपल्याला गती आहे. आपण तिखट करतो. मिरची आपल्याच बाजारातली, खुडणं आपलं, वाळवणं आपलं, दळण आपलं. व्यापाऱ्याला दिलं तर तो भाव पाडतो, उधारीवर नेतो आणि पैसे होळीला देतो. तेच पाकीट आपण मुंबईच्या महालक्ष्मी सरसमध्ये स्वतःच्या स्टॉलवर विकलं तर सगळे पैसे आपल्या हातात, रोख. छोट्या प्रकाशकाचंही अगदी असंच आहे. तो पाचशे-हजार प्रती छापतो. कागदाचे, छपाईचे, बांधणीचे पैसे आधी द्यावे लागतात. पुस्तक दुकानात ठेवलं तर किमतीचा तिसरा हिस्सा, कधी निम्मा, कमिशनमध्ये जातो. विकलं गेलं तरी पैसे यायला महिने लागतात, आणि न विकलेली पुस्तकं कोपरे दुमडून परत येतात. मैदानावर मात्र शंभर रुपयांच्या पुस्तकावर वीस रुपये सूट देऊनही बाकी सगळे त्याच्या हातात पडतात. एकजण म्हणाला, "ताई, या दोन-तीन दिवसांवर आमचं पुढचं पुस्तक छापून निघतं." आमच्या कोषाध्यक्ष बाई त्याच्याशी अर्धा तास बोलत उभ्या राहिल्या. पुस्तकाबद्दल नाही, उधारीबद्दल. दोघांची दुखणी सारखी निघाली.

मोठे प्रकाशक मोठ्या दुकानांत असतात, त्यांना आपली गरज नसते. ज्याचं पुस्तक दुकानदार पुढच्या फळीवर ठेवत नाही, त्याला आपल्यासारखं गिऱ्हाईक लागतं. आणि आपल्यासारख्या बायांची पुस्तकं बहुतेक अशाच लहान प्रकाशकांनी काढलेली असतात, हे आम्हाला तिथं कळलं.

पुण्याचं सुगावा प्रकाशन घ्या. विलास वाघ सरांनी १९७२ मध्ये ते सुरू केलं, आणि उषाताई वाघ त्यांच्या जोडीनं राबल्या. सर २०२१ मध्ये गेले. पन्नास वर्षांच्या आसपासचं काम, आणि तेही दुसरं कुणी सहज छापणार नाही अशा विषयांवरचं. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघी आंबेडकरी चळवळीतल्या म्हाताऱ्या बायांना शोधत घरोघर फिरल्या, त्यांच्या तोंडून हकिगती गोळा केल्या. सभेला गेलेल्या, तुरुंगात गेलेल्या, पण कुठल्या पुस्तकात नाव नसलेल्या बाया. त्यातून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक झालं. ते १९८९ मध्ये मुंबईच्या 'स्त्री उवाच'नं काढलं, म्हणजे बायांनीच चालवलेल्या प्रकाशनानं.

आणि फलटणच्या बेबीताई कांबळे. यांच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण त्या आपल्यासारख्याच दुकान चालवणाऱ्या होत्या. नवरा-बायकोनं आधी द्राक्षं विकली, मग भाजी, मग किराणा. माल बांधायला रद्दी येई. गिऱ्हाईक नसलं की बेबीताई त्या रद्दीतले कागद वाचत. वाचता वाचता लिहू लागल्या. पण घरात कळलं तर? म्हणून वह्या दडवून ठेवल्या. अशी वीसेक वर्षं गेली. पुढे फलटणला राहणाऱ्या मॅक्सिन बर्नसन या बाईंना ते लिखाण कळलं, त्यांनी छापायचा आग्रह धरला. आधी 'स्त्री' मासिकात क्रमशः आलं आणि १९८६ मध्ये 'जिणं आमुचं' हे पुस्तक झालं. आता जगातल्या कॉलेजांत ते शिकवतात. आम्ही स्टॉलवर उभं राहून हे ऐकत होतो आणि आमच्यातली एक म्हणाली, "माझ्या दुकानात पण रद्दी येती की. मी पुडी बांधून देते." तिचं गावात छोटं किराणा दुकान आहे.

याच्याही मागे जायचं तर बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. त्यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापलं, पाचशे प्रती, किंमत नऊ आणे. त्यावर इतकी ओरड झाली की त्यांनी पुढे दुसरं पुस्तक काढलंच नाही. जोतिराव फुल्यांनी मात्र त्यांची बाजू घेतली. पुढे ते पुस्तक लोकांच्या विस्मरणात गेलं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते शोधून पुन्हा छापलं, म्हणून आज आपल्या हाती आहे. बघा, तेव्हाही पाचशे प्रती आणि आजचा छोटा प्रकाशकही पाचशेच छापतो.

आता मुद्दाम सांगायची गोष्ट. आमच्यासोबत एक मावशी होत्या, गटातल्या सगळ्यात वडील. अंगठा लावतात. दोन दिवसांत त्यांनी काहीच घेतलं नाही, बांगड्या नाहीत, फोटो नाही. निघायच्या आधी एका ताडपत्रीजवळ बसल्या आणि तीस रुपयांचं एक पातळ पुस्तक उचललं. सावित्रीबाईंचं चरित्र होतं. आम्ही म्हटलं, "मावशी, तुमाला वाचता येत नाई, पुस्तक कशाला घेऊलालाव?" त्या म्हणाल्या, "नातीला येतंय की. मोबाईल तिच्या हातात असला की ती मला जवळ येऊ देत नाई. हे पुस्तक माझं आहे. वाचायचं असंल तर माझ्यापाशी बसूनच वाचावं लागंल." विक्रेत्यानं पाच रुपये कमी केले. मावशींनी ते परत दिले. "तुझं बी पोट हाय," म्हणाल्या.

साडेपाचशे रुपयांत गटासाठी सात पुस्तकं आली. त्यात संविधानाची एक प्रत, 'जिणं आमुचं', ताराबाईंचं पुस्तक आणि चार पातळ पुस्तिका. एक जादूटोणाविरोधी कायद्याची, एक बायांच्या जमिनीच्या हक्काची, बाकी दोन मुलांसाठी.

घरी आलो आणि पुस्तकं महिनाभर कपाटात राहिली. हे लपवण्यासारखं नाही. जानेवारी-फेब्रुवारीत मिरचीचं काम चढतं, कुणाला फुरसत? मग एकीनं सुचवलं, खुडायला बसतो तेव्हाच वाचू. खुडायला हात लागतात, कान मोकळे असतात. ज्या दोघी-तिघींना बरं वाचता येतं त्यांनी पाळीपाळीनं वाचायचं आणि त्यांच्या वाटणीची मिरची बाकीच्यांनी खुडायची. म्हणजे वाचणारीची मजुरी बुडत नाही. हे ठरवायला एक अख्खी बैठक लागली, पण ठरलं. मिरचीच्या खकाण्यानं वाचणारीला ठसका लागतो, डोळ्यांतून पाणी येतं. ते पाणी मिरचीचं की पुस्तकाचं, हे नंतर नंतर सांगता येईना.

'जिणं आमुचं' वाचताना दोनदा वाचन थांबलं. बेबीताईंनी गावानं काय केलं ते लिहिलंय, तसंच घरातल्या पुरुषांनी आणि सासवांनी बायांचं काय केलं तेही लिहिलंय. झाकलं काहीच नाही. गावाचं आलं तेव्हा आमच्यातल्या सहाजणी खाली मान घालून नुसत्या खुडत राहिल्या. आमच्या आज्यांनी कोणत्या बाजूनं पाणी वाढलं होतं ते आम्हाला माहीत होतं. आणि घरातल्या माराचं आलं तेव्हा बौद्धवाड्यातली एक म्हणाली, "आपल्यातलं हे चारचौघांत वाचू नगा, लोकाला बोलायला तोंड मिळतंय." दुसरी तिच्यावर कडाडली, "वाच! मार तर सगळ्याच घरात हाय." त्या दिवशी पुढे वाचलं नाही. पुढच्या शनिवारी जिनं नको म्हटलं होतं तिनंच विचारलं, पुढं काय झालं त्या पोरीचं?

कर्जाचा कागद घेऊन फसलेली आमची मैत्रीण आता मोठ्यानं वाचते. अडखळते, जोडाक्षराला थांबते, पण पानभर वाचते. मार्चमध्ये बँकेचा कर्जाचा अर्ज आला तेव्हा तिनं सगळ्यांपुढे तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. बँकेतले साहेब दोनदा घड्याळाकडे बघत होते. आम्ही सह्या त्यानंतर केल्या.

एप्रिलमध्ये धाडस केलं. १४ एप्रिलला बाबासाहेबांच्या जयंतीला आपल्याकडे मिरवणूक निघते, गर्दी होते. त्या दिवशी आपणच पुस्तकांचा स्टॉल लावायचा असं ठरवलं. दादरला ज्यांच्याशी ओळख झाली होती त्या एका प्रकाशकाला फोन केला. त्यानं चाळीस पुस्तकं पार्सलनं पाठवली. विकतील त्याचे पैसे द्या, तुमचं कमिशन कापून घ्या, उरलेली परत पाठवा, असा बोलीचा व्यवहार. एक टेबल, एक सतरंजी, शेजारी आमच्या तिखटाची पाकिटं. मावशी गल्ल्यावर.

हिशोब जसा आहे तसा सांगतो. चाळीसपैकी तेवीस विकली. मुलांची पुस्तकं आणि संविधान आधी संपलं. जाड पुस्तकं लोकांनी उचलली, पाठीमागची किंमत पाहिली आणि ठेवली. दोन पुस्तकं गर्दीत गेली, कुणी नेली कळलं नाही. त्यांचे पैसे आम्ही भरले. उरलेली पंधरा परत पाठवताना पार्सलचा खर्च आमच्याच माथी आला, कारण तो कोण देणार हे आधी विचारलंच नव्हतं. कमिशनमधून हे सगळं वजा जाता गटाच्या हातात शंभरी सुद्धा पडली नाही. तिखट मात्र सगळं संपलं. कोषाध्यक्ष बाईंनी वहीत तसंच लिहून ठेवलंय आणि पुढच्या वेळी काय करायचं तेही लिहिलंय. जाड पुस्तकं कमी मागवायची, पार्सलचा खर्च आधी ठरवायचा, पुस्तकं दोरी बांधून मांडायची. पुढच्या वेळी, असं त्यांनीच लिहिलं. आम्ही काही बोललो नाही.

ज्या गटांना असं काही करून पाहायचं असेल त्यांनी आपल्या ग्रामसंघात विषय काढावा. दादर-नागपूरला जायलाच पाहिजे असं नाही. प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या-दुसऱ्या पानावर प्रकाशकाचा पत्ता असतो, बहुतेकांवर फोनही असतो. छोटे प्रकाशक फोन स्वतः उचलतात. पाच-दहा पुस्तकांपासून सुरुवात करा. तुमच्याकडे तेलुगू किंवा उर्दू वाचणाऱ्या बाया असतील तर त्यांच्या भाषेचीही विचारा. आमच्या गटात तेलुगूची मागणी आली आहे आणि अजून आम्हाला ती पुरवता आलेली नाही.

शेवटी आमच्या गटाचं एक काम आहे, रेडिओवरून सांगायची परवानगी घेतली आहे. 'जिणं आमुचं'ची आमची प्रत दोन आठवड्यांपासून कपाटात नाही. वहीत कुणाच्या नावावर लिहिलेली नाही. पहिल्या पानावर हळदीचा डाग आहे. जिच्याकडे असेल तिनं वाचून झालं असेल तर शनिवारी आणावी. वाचून झालं नसेल तर राहू द्या, फक्त वहीत नाव लिहायला या.